चार अंश

"आज तारीख किती, आप्पासो?"

"एकोणीस, मॅडम."

"मग तीस तारखेपर्यंतचं तापमान कसं काय लिहून झालं?"

औषध निरीक्षक मयूरीमॅडमनी वही काउंटरवर फिरवून त्यांच्यापुढं धरली. फ्रीजचं तापमान रोज दोनदा बघून लिहायची वही. प्रत्येक रकान्यात चार अंश. उद्याही चार. परवाही चार. एकाच बैठकीत, एकाच पेनानं.

आप्पासो कसनुसं हसले. "एक तारखेलाच भरून टाकतो. मग महिनाभर घोर न्हाई."

मॅडम हसल्या नाहीत. फलटणपासून अर्ध्या तासावरच्या या गावात औषधाचं दुकान एवढं एकच. ते बंद केलं, तर आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसं गोळी-गोळीसाठी तालुक्याला धावणार. त्यांनी मागच्या महिन्याचं पान काढलं. तिथंही चारच.

"खरं सांगा. फ्रीज कधी बंद होता?"

आप्पासोंच्या गळ्यात माळ होती. त्यांना खोटं लिहिता येत होतं, बोलता येत नव्हतं.

"सप्त्यात," ते म्हणाले. "गावात लाइट टिकत न्हाई. इन्व्हर्टर काय तो माझ्याकडंच. फ्रीजची पिन काढली अन् मंडपातल्या माइकला वायर दिली. सात दिवस. आवं, सांगलीचे बुवा हुते. काय तो गळा! काल्याच्या कीर्तनाला बायाबापड्या ढसाढसा रडल्या. मधीच माइक गेला असता म्हंजी?"

"आणि आतली औषधं?"

"दार फारसं उघडलंच न्हाई. अन् देवाच्या कामाला दिलेली वीज, मॅडम. तिच्यापायी औषध कसं नासंल?"

चैत्राचं ऊन होतं ते. या दुकानाच्या पत्र्याखाली दुपारी माणूस उभा राहू शकत नव्हता.

मॅडमनी फ्रीज उघडला. आता तो गार होता. आतले खोके नवे होते.

"तेव्हाचा माल?"

"संपला की. इन्सुलिन, कुत्रं चावल्यावरच्या लशी, समदं. सरकारी दवाखान्यात लस न्हवती, लोक माझ्याकडंच आले. ज्याची ऐपत न्हाई त्याला तशीच दिली. डॉक्टरांनी टोचली." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आजपातुर एकाचीबी तक्रार न्हाई."

नियम सरळ होता. विक्री थांबवायची. ज्याला ज्याला ती औषधं गेली, त्याला आजच्या आज गाठायचं. पण मॅडमचं बालपण वाईच्या घाटावर कीर्तनं ऐकण्यात गेलं होतं. त्यांचे वडील असेच होते, टाळ हातात आला की घर विसरणारे. समोरचा माणूस लबाड नव्हता. माल तर उरलाच नव्हता. जप्त तरी काय करायचं?

त्यांनी लिहिलं: 'नोंदवही सदोष. समज दिली. रुग्णांची तक्रार नाही.' खाली सही केली.

"पुन्हा पिन काढायची नाही."

"गळ्याशपथ न्हाई. माउली तुमचं भलं करंल." आप्पासोंचे डोळे भरून आले.

मॅडम निघायला वळल्या, तोच पायरीवर एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, पाय उसाच्या रानातल्या चिखलानं भरलेले.

"या अंबूबाई," आप्पासो उमाळ्यानं म्हणाले. "ह्या मॅडमना सांगा, तुमच्या नातवाला, यशराजला आमची लस लागू पडली का न्हाई?"

"लागू पडली तर! कुत्र्यानं मांडीचा लचका तोडला हुता, जखम कवाच भरली," अंबूबाई म्हणाली. "आज निस्ती घशाची गोळी द्या, आप्पा. कालपासनं त्याच्या घशाखाली घोट उतरंना, अन् पाण्याचा तांब्या नुसता दिसला तरी थरथर कापतोय."