काकूंनी बाहेर बसावं

“काका, काय होतंय? तुमच्याच शब्दांत सांगा,” विशाखा मॅडम म्हणाल्या, आणि द्वारकाबाईंनी मांडीवरची फाइल उघडली.

“झोप नाय, जेवण नाय. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाले तवापासून नुसते भिंतीकडं बघत बसायलेत. काय विचारलं तर ‘हं’. शुगर नॉर्मल हाय. छातीचा फोटो हाय यात. रक्त घ्यायचं तर घ्या, उपाशीपोटीच आणलंय.”

पुंडलिकराव शेजारी बसले होते. आपल्याविषयी नाही, शेजारच्या गल्लीतल्या कुणाविषयी चाललंय, असा त्यांचा चेहरा होता.

“इथं रक्त घेत नाहीत, काकू,” मॅडम हसल्या. “मी गोळ्याही देत नाही. लागल्याच, तर त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवीन. इथं बोलायचं. तासभर. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा.”

नुसतं बोलायचं! द्वारकाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. गारखेड्यातल्या रो-हाउसची पुढची खोली ती. ना कॉट, ना वजनकाटा, ना नर्स. खुर्च्या आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. पुण्याहून लेकीनं, संस्कृतीनं, फोनवरच नंबर लावला होता आणि आईला बजावलं होतं, प्रश्न विचारू नको, पप्पांना फक्त घेऊन जा.

“काका, तुम्हाला यावंसं वाटलं, की तुम्हाला आणलं?”

“स्वतःहून आले,” द्वारकाबाईंनी ठोकून दिलं. खरं तर शर्टाची बटणं त्यांनीच लावली होती आणि रिक्षात हाताला धरून त्यांनीच बसवलं होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “दोघांनाही एक सांगते. इथलं बोलणं इथंच राहतं. काका जे सांगतील, ते मी तुम्हाला सांगणार नाही आणि मुलीलाही नाही. जिवाला धोका वाटला, तरच घरच्यांना आत बोलावते. तेही त्यांना सांगून. आता काकू, तुम्ही जरा बाहेर बसता?”

द्वारकाबाईंना ते ऐकूच आलं नाही. म्हणजे आलं, पण खरं वाटलं नाही. लग्न झाल्यापासून या माणसाचं दुखणं डॉक्टरला सांगायचं काम त्यांचं. कावीळ त्यांनी सांगितली, गुडघा त्यांनी सांगितला. मूळव्याधसुद्धा त्यांनीच सांगितली होती, तीही भरल्या दवाखान्यात. आणि आज म्हणे बाहेर बसा!

बाहेर व्हरांड्यात त्या फाइल कवटाळून बसल्या. आधी राग आला. मग राहवेना. खुर्ची थोडी दाराकडे सरकवली. मग आणखी थोडी. शेवटी चप्पल शोधायचं निमित्त करून दाराशी वाकल्या. आत पंखा फिरत होता, दुसरं काही नाही.

काय बोलणार हा माणूस? सकाळी कंपनीची बस चौकातून गेली की तेवढी मान वर करतो, बाकी दिवसभर दगड. द्वारकाबाईंना भीती एकच होती. ती त्यांनी पोटच्या पोरीलाही सांगितली नव्हती. एखाद्या रात्री हे उठतील, न सांगता निघून जातील, आणि मग कुणीतरी येऊन आपल्याला उठवील, चला, ओळख पटवायला म्हणून.

तेवढ्यात आवाज आला. पुंडलिकरावांचाच. शब्द कळत नव्हते, पण एकामागून एक येत होते. ‘हं’ नव्हतं ते. चांगलं लांबलचक बोलणं होतं.

“आई तुळजाभवानी, बोलायलेत गं,” द्वारकाबाई पुटपुटल्या.

आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना वाईटही वाटलं. या काल-परवाच्या मॅडमला सांगण्यासारखं असं काय आहे, जे मला सांगता आलं नाही? माझंच गाऱ्हाणं सांगत असतील. तोंडाळ आहे, उठता-बसता टोकते, म्हणत असतील. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. सांगू दे की! माझ्या नावानं खुशाल बोटं मोडू दे, पण बोलू दे.

आवाज थांबला. द्वारकाबाईंनी पदरानं गळ्याचा घाम पुसला.

दार उघडलं. तास अजून व्हायचा होता.

“काकू, आत या,” मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता. “काकांशी बोलून ठरवलंय. त्यांना तुम्हाला काही सांगायचंय.”

घरच्यांना कधी आत बोलावतात, ते मघाशीच सांगून झालं होतं. द्वारकाबाई उठल्या. चौकटीला धरून त्या आत आल्या. पुंडलिकरावांचे डोळे लाल झाले होते आणि ते भिंतीकडे नाही, बायकोकडे बघत होते.

खुर्चीत टेकता टेकता द्वारकाबाईंच्या तोंडून सवयीनं सुरू झालंच, “त्याचं काय हाय मॅडम, ह्यांचा स्वभाव पहिल्यापासून...”

“थांब गं,” पुंडलिकराव म्हणाले. “आज मला सांगू दे.”

त्यांनी फाइल खाली ठेवली.

“रात्री माझा डोळा लागला असं तुला वाटतं, तवा तू उठतीस. लोखंडी पेटी ओढत नेऊन दाराला लावतीस, अन् पेटीला पाठ टेकून तिथंच बसून राहतीस. मी जागाच असतो.”

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. चोरी पकडली गेली होती.

“लावत जा,” ते म्हणाले. “अजून थोडे दिवस लावत जा.”