देवघरातली पळी

"आज पण खिचडीत नमक नाही," बकुळ ताटलीशी पुटपुटली.

"मीठ म्हणावं," अंबिकाबाईंनी सवयीने टोकलं आणि तोंड फिरवून हसल्या. मुन्शी घाटामागच्या या सुधारगृहात, गुन्ह्यात सापडलेल्या मुली सांभाळता सांभाळता त्यांना एक कळलं होतं: पोर कुरकुरायला लागली की बरी होऊ लागली समजावं. चैत्रात आली तेव्हा ही चौदा वर्षांची मुलगी अन्नाकडे बघत नव्हती. भिंतीशी बोलायची. कुणी जवळ गेलं की हात पाठीमागे लपवायची. मनगटांवर डाग दिल्याच्या खुणा होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाचा आजार आहे. औषध द्या, झोपू द्या, आणि हिला कुणी घाबरवू नका.

गुन्हा चोरीचा. देवघरातली चांदीची पळी हिच्या गाठोड्यात सापडली. गल्ली गोळा करून दारोगाला बोलावलं ते हिच्या सख्ख्या आईने. संकठा घाटावरच्या बायका अजून त्या कालिंदीचं नाव घेताना तोंड वाकडं करीत.

तीच कालिंदी आज दाराशी पदर सावरून बसली होती. बाजेवर तिचे यजमान, वेणीमाधवभट. तक्रार मागे घेतो, असं त्यांनी मॅजिस्ट्रेटसाहेबांना कळवलं होतं. कागदावर सही केली की बकुळ त्यांच्या हवाली.

"एवढी घाई कशाला?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"अमावास्येला रामनगरचा ओझा पुन्हा येतोय, मंत्र घालायला. बाधा अर्धीच उतरलीय."

"म्हणजे पुन्हा डाग."

भटजी सहीसाठी ठेवलेल्या टाकाशी चाळा करू लागले. "पोटची पोर आहे हो. मला का बरं वाटतं?"

"एक विचारू? बाधा झाल्यापासून हिला देवघराची पायरी बंद होती, तुम्हीच सांगितलंत. मग पळीपर्यंत हात पोचला कसा?"

"तिचा कुठला? पिशाच्चाचा."

"सोवळ्यातल्या देवघरात शिरणारं पिशाच्च मी पहिल्यांदाच ऐकते."

भटजींनी कपाळावरचं गंध पुसल्यासारखं केलं. कालिंदी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. अंबिकाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

बकुळ ताटली धुऊन बाहेर आली. वडिलांना बघताच ताटलीसकट दोन्ही हात पाठीमागे गेले. मग तिला आई दिसली.

"ए आई, इथे मला झोप लागते."

कालिंदीने नुसती मान हलवली. बकुळ थोडा वेळ घुटमळली, मग आत गेली. आतून तिचा आवाज आला, उद्या खिचडी मी करणार, नमक मी टाकणार.

वेणीमाधवभट त्या दाराकडे बघत होते. त्यांनी टाक दौतीत बुडवला, पण बाहेर काढला नाही.

"राहू द्या तो टाक तिथंच," कालिंदी म्हणाली. भरलेली घागर कमरेवरून उतरवून ठेवावी, तसा तिचा आवाज हलका झाला होता. "पळी मी घातली होती तिच्या गाठोड्यात. घरी न्याल, तर या खेपेस समई घालीन."