बिनकामाचं झाड

बारावीतल्या अवंतिकाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. बाकाखाली पाय सारखा हलायचा, नखं कुरतडून संपली होती, आणि राजारामपुरीतल्या क्लासचे सर रोज सगळ्यांदेखत म्हणायचे, "असंच चाललं तर कशाच्या उपयोगाची राहणार न्हाईस बघ!"

एकदा क्लासबाहेर मोबाइलवर चिनी ताओ विचाराबद्दल वाचता वाचता तिला सापडलं, की जे झाड कशाच्याच उपयोगाचं नसतं, त्याच्यावर कुणी कुऱ्हाड उगारत नाही. तिनं मान वर केली. क्लासच्या दारातच तसलं झाड उभं होतं. वाकडी सुबाभूळ. ना खायला फळ, ना देवाला फूल, ना धड सावली.

तेव्हापासून आत शिरताना ती त्या खोडावर हात ठेवायची. 'आपण दोघी बिनकामाच्या,' एवढं मनात म्हटलं की पाय हलायचा थांबायचा. परीक्षेलाही ती तशीच बसली, काही मिळवायचंच नाही अशी.

निकाल लागला आणि अवंतिका क्लासमध्ये पहिली आली!

पेढ्यांचा बॉक्स घेऊन ती सरांच्याही आधी झाडाकडं धावली, तर तिथं नुसता बुंधा. तिचा पाय पुन्हा हलायला लागला.

"सर, झाड का तोडलं?"

सरांनी कौतुकानं वर बोट दाखवलं.



"अगं, एवढा मोठा फ्लेक्स लावलाय तुझा, झाडामुळं रस्त्यावरनं दिसतच न्हवता की!"