उसनं बोट

"बोट दे रे," शिंपी म्हणाला. मेहुण्याने शिवायचं थांबवून डाव्या हाताची करंगळी पुढे केली.

रोजचंच होतं. डायबेटिस शिंप्याला, सुई मेहुण्याला. शिंप्याची बायको रात्री शुगर तपासायच्या यंत्रातला शेवटचा आकडा बघायची. तो चांगला असेल तरच नवऱ्याच्या ताटात गोड पडायचं. म्हणून यंत्र सकाळी दुकानात यायचं, तिच्या सख्ख्या भावाचं रक्त पिऊन चांगला आकडा घेऊन घरी जायचं. बाहेरच्या कोणाला त्रास नाही.

डॉक्टरांनी शिंप्याला आजार समजावला होता. तुमच्यात इन्सुलिन रग्गड आहे, म्हणाले. ते पेशीच्या दारात जाऊन बेल वाजवतं. पूर्वी आतली मंडळी उठून साखर आत घ्यायची. आता बेल ऐकूनही लोळत पडतात, आणि साखर रक्तातच भटकत राहते. शिंप्याला त्या पेशींबद्दल आपुलकीच वाटली होती.

मेहुण्याचा आकडा मात्र हल्ली रोज थोडा वर सरकत होता. शिंप्याने यंत्राला शिव्या घातल्या आणि नवं आणलं. नव्याने आज चारशे बारा दाखवले. दुसरं बोट टोचलं, चारशे अठरा. मग यंत्राची परीक्षा म्हणून त्याने स्वतःचंच टोचलं. दोनशे दहा. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचं रक्त सरस ठरलं होतं.

त्याने मेहुण्याकडे पाहिलं. त्याची पँट शिंप्याने स्वतःच दोनदा कमरेत आत घेतली होती. सारखं पाणी पितो, सारखा लघवीला पळतो म्हणून त्याला झापलंही होतं. सगळं लख्ख कळलं. पण सांगितलं, तर बायको विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आणि आज घरी केक होता.

त्याने शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली आणि त्याचं बोट टोचलं. चौऱ्याण्णव.

मेहुणा हिरमुसला. आपलं काही चुकलं का, म्हणून त्याने हळूच विचारलं.

"चुकलं नाही रे. तुलाच किती दिवस टोचायचं?"

रात्री बायकोने आकडा पाहिला, खूश झाली आणि भावालाही मोठा तुकडा वाढला. शिंपी मान खाली घालून खात होता. मेहुण्याचे डोळे भरून आले.

"ताई," तो म्हणाला, "दाजींइतकं मला कोणी जपत नाही गं."