आवाज झाला की आपोआप

"हा घेऊ नको ताई, याचा आवाज फाटतो," रामकिशनने निळा प्लेअर बाजूला सारला. "हा पांढरा दिसायला देखणा, पण चार्जिंग टिकत न्हाई."

काउंटरवर आता काळाच उरला. महांतेशने उगीच पंख्यांच्या खोक्यांकडे बघितलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

आदल्या आठवड्यात तो लातूरच्या या दुकानात एकटाच येऊन गेला होता. काळ्या प्लेअरमध्ये गाणी वाजत, आणि खोलीत कुणी बोललं तर तेही त्यात रेकॉर्ड होई. आवाज झाला की आपोआप चालू, थांबला की बंद. "सेटिंग करूनच देतो," रामकिशन म्हणाला होता. "पण शेठ, पोरीला सांगायचं न्हाई ना?"

"बिलकूल न्हाई."

उदगीरच्या मोंढ्यात महांतेशची डाळीची आडत होती. मूठभर माल तळहातावर घेतला की आतलं कळतं, असं तो नेहमी म्हणे. पोरीचंही त्याने असंच ओळखलं होतं. अक्षरा लातूरला होस्टेलात राहून बारावी करत होती, सोबत नीटचे क्लास. दिवाळीत घरी आली तर धड जेवेना, झोपेना, हाक मारली की दचके. मार्कही उतरले होते. एखादा पोरगाच असणार, दुसरं काय?

"सरळ विचारा की तिला," मंजुश्री म्हणाली होती.

"विचारल्यावर कोण खरं सांगतंय?" बायकोला त्याने तिथेच गप्प केलं.

मग अक्षराच म्हणाली होती, झोप लागत न्हाई, गाणी ऐकायला काहीतरी घेऊन द्या. होस्टेलात मोबाइलला बंदी होती. सिम आणि कॅमेरा नसलेला प्लेअर तेवढा वॉर्डनबाई ठेवू देत. महांतेशला आयतीच वाट सापडली.

अक्षराने निळा प्लेअर एकदा हातात घेतला. तो तिला आवडला होता, हे दिसत होतं. मग तिने काळा उचलला. उलटा करून पाहिला, बटणं दाबली, खालच्या माइकच्या बारीक छिद्रावरून नख फिरवलं. रामकिशनकडे पाहिलं, मग वडलांकडे.

"पप्पा, तुम्हाला कोणता बरा वाटतो?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुला पटंल तो घे."

"हाच द्या काका," ती म्हणाली.

इतकं सोपं होईल असं महांतेशला वाटलं नव्हतं. वाटेत त्याने तिला खुशीने मोसंबीचा रस घेऊन दिला. तिने ग्लास हातातच धरून ठेवला.

"पप्पा, मला तुमच्याशी जरा..."

"जेवणाचं ना? बोलतो मी मॅडमशी. तूप धाडतो घरून."

"जेवणाचं न्हाई. मला इथं..."

"हे बघ, उगं मन इकडंतिकडं जाऊ द्यायचं न्हाई. आपल्या खानदानात पहिली डॉक्टर होणार तू. पी, गरम व्हायलंय ते."

तिने रस प्यायला.

पंधरवडा गेला. रविवारी भेटीच्या वेळेला महांतेश होस्टेलच्या फाटकाशी उभा राहिला. तुपाचा डबा दिला, चिवडा दिला. मग अगदी सहज म्हणाला, "तो प्लेअर दे की. उदगीरला नेऊन त्याच्यात भजनं, वचनं भरून आणतो. निसती गाणी काय ऐकायची?"

अक्षरा आत गेली आणि लगेच घेऊन आली. वायर नीट गुंडाळलेली होती. काही विचारलं नाही, कुरकुर केली नाही. देताना तिची बोटं क्षणभर प्लेअरवर रेंगाळली, एवढंच.

"नीट ऐकून बघा पप्पा," ती म्हणाली.

"हाव, बघतो की."

उदगीरची एसटी लागलेलीच होती. महांतेशला खिडकीची जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत त्याने कळ काढली आणि मग कानात वायरी घातल्या.

आधी पंख्याची घरघर. खुर्ची सरकल्याचा आवाज. शिल्पा नावाची एक मैत्रीण साबण मागत होती. मग अक्षरा हृदयाचे कप्पे पाठ म्हणत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. पोरींचं हसणं. वॉर्डनबाईंचा दरडावणारा आवाज. पुन्हा पाठांतर.

महांतेश कान देऊन एकेक आवाज चाळत होता. पोराचं नाव नाही, चोरटं बोलणं नाही, काही नाही. नळेगाव जवळ आलं तसं त्याला हलकं वाटू लागलं. आपण उगीच पोरीवर संशय घेतला. मंजुश्रीला सांगायला हवं, माल चोख आहे म्हणून. खिडकीतून वारं येत होतं. त्याने पाय पसरले, डोळे मिटले. पुढचं ऐकायचं म्हणून ऐकू लागला.

दार लावल्याचा आवाज आला. कडी घातली गेली. पलंग करकरला. मग नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"पप्पा," अक्षरा म्हणाली, अगदी कानाशी, "ऐकताव ना? हे तुम्ही ऐकणार, हे मला दुकानातच कळलं होतं. निळा सोडून म्हणूनच हा घेतला. समोर बोलले की तुम्ही मधीच बोलताव, यात तुम्हाला बोलता येत न्हाई. कुणी पोरगा न्हाई हो पप्पा. मला इथं जगावंच वाटंना झालंय. मला घ्यायला या."