गुंड्याचं क्षेत्रफळ

साहेबांची अट साधी होती: “दवाखान्याच्या नकाशातल्या सगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ दे, मग जा.” ताई पाचच्या गाडीनं नवं बाळ घेऊन येणार होती. एकेका कोपऱ्यावर क्लिक करत बसलो असतो, तर स्टेशनवर पोचेपर्यंत भाच्याला मिशा फुटल्या असत्या. म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली: बटण दाबलं की प्रत्येक बंद आकृती आपोआप मोजली जाते. दाबलं. क्षणात आकडे हजर. साहेब चष्मा लावून वाचू लागले. “प्रसूतिगृह, औषधालय, जिना... गुंड्या, अर्धा चौरस मीटर?” प्रत्येक नकाशाच्या बागेत आपला कुत्रा नावासकट काढायची साहेबांची सवय विसरलोच होतो. “साफ चूक,” साहेब म्हणाले. “जाड झालाय तो. पाऊण कर.” मी कुत्रा फुगवला, बटण दाबलं. साहेबांचे डोळे पाणावले. “पळ आता. उद्या भाच्याचं क्षेत्रफळ आण.”