शिलेदाराची गाडी

"'घोडा घातला' लिहू की 'घोडा फेकला'?" राजाभाऊंनी विचारलं.

सुचित्रा बाल्कनीतून खाली बघत होती. पाऊस थांबून दुसरा दिवस उजाडला होता आणि शारजाच्या रस्त्यावरचं पाणी कुठे जायचं ते अजून ठरवत होतं.

राजाभाऊ पुन्हा लॅपटॉपकडे वळले. पेशव्यांच्या फौजेत शिलेदार असलेल्या त्यांच्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेली चार पानं घराण्यात होती. पुण्याच्या एका जाणकाराने ती मोडीतून काढून दिली होती. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत ती 'रणांगणावरून' या मथळ्याखाली जायची होती. अडचण एकच होती. पूर्वज प्रामाणिक निघाले होते.

'नदीस पाणी फार. पलीकडे आपले लोक अडकले, त्यांच्या हाका ऐको येत. बारगीर सरकारी घोडे पाण्यात घालोन गेले. आमचे घोडे आमचे. नदी उतरली मग गेलो. तो पलीकडे कोणी नव्हते.'

बारगीराला घोडा सरकार देई, शिलेदाराचा घोडा घरचा. घोडा मेला की शिलेदारी संपली. हे सगळं राजाभाऊंना समजत होतं, पण स्मरणिकेत शोभत नव्हतं. त्यांनी 'आमचे घोडे आमचे' पुसलं आणि 'दुथडी भरलेल्या नदीत बेधडक घोडा' इथवर येऊन थांबले.

बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचा धनंजय, पॅन्ट मांडीपर्यंत दुमडलेली.

"राजाभाऊ, आईचं डायलिसिस काल होतं, चुकलं. आता तिला धाप लागतेय. ॲम्ब्युलन्स मेन रोडला येतेय, गल्लीत नाही येऊ शकत. माझी गाडी बेसमेंटमध्ये पोहतेय. तुमची तेवढी रॅम्पवर कोरडी आहे."

"पाणी किती आहे?"

"गुडघ्याच्या वर."

"वर म्हणजे किती वर?"

धनंजयने स्वतःच्या मांडीकडे बोट दाखवलं.

"अर्धा तास थांबू या," राजाभाऊ म्हणाले. "उतरेल. इन्शाल्ला."

"काल पण तुम्ही हेच म्हणालात."

"अरे, कंपनीची असती तर किल्ली फेकली असती तुझ्याकडे. पण इंजिनात पाणी गेलं की खलास."

धनंजय जिन्याने निघून गेला. लिफ्ट बंद होती.

"अहो," सुचित्रा म्हणाली, "जाहिरातीत गाडी नदी ओलांडत होती म्हणून घेतली ना आपण?"

"ती जाहिरात होती."

"मग?"

"आपल्या पॉलिसीत पूर बसत नाही. मी क्लॉज वाचलाय."

"तुम्ही क्लॉज वाचलाच असणार."

आतल्या खोलीतून ईशानीचा आवाज आला, "बाबा, इट्स जस्ट अ कार." तिला अजून लायसन्स नव्हतं.

राजाभाऊ बाल्कनीत गेले, परत टेबलाशी आले, पुन्हा बाल्कनीत गेले. रॅम्पच्या टोकाला गाडी उभी होती, पांढरी, धुतल्यासारखी. पाणी तिच्या पुढच्या चाकाच्या वीतभर अलीकडे थांबलं होतं. सुचित्राने माळ्यावरून पाहुण्यांसाठी घेतलेली हवेची गादी काढली, पंप काखेत मारला आणि कुणाला काही न सांगता ती खाली गेली.

राजाभाऊंनी टाइप केलं, 'पलीकडून येणाऱ्या हाका ऐकून त्यांचं रक्त सळसळलं.' जिन्यातून पंपाची घरघर वर येत होती. त्यांनी 'सळसळलं' पुसून 'उसळलं' केलं. घरघर थांबली. त्यांनी किल्ली उचलली आणि ते चार मजले उतरून खाली आले.

धनंजयची आई कृष्णाबाई गादीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, फायलीला प्लॅस्टिकची पिशवी. श्वास घेताना त्यांचे खांदे वर येत होते. एक कोपरा धनंजयने धरला होता, एक सुचित्राने, ओढणी कमरेला खोचून. तिसरा केरूकडे होता. तो परवा कुणाचा तरी एसी दुरुस्त करायला आला होता आणि इमारतीतच अडकला होता. चौथा कोपरा पाण्यात लोंबत होता, त्यामुळे गादी गोल गोल फिरत होती.

"यल्ला, चला, वहिनी, जरा उजवीकडे घ्या," केरू म्हणाला.

राजाभाऊ गाडीत बसले. त्यांनी इंजिन चालू केलं. स्क्रीनवर सगळं हिरवं आलं. काचेतून गादी बरोबर समोर दिसत होती आणि तिच्याभोवती तिघं, मांडीभर पाण्यात. गाडी एक फूट पुढे आली. पाण्यावरचा तवंग बंपरला लागला. ब्रेक लागला. गाडी एक फूट मागे गेली.

मग इंजिन बंद झालं. राजाभाऊ उतरले. त्यांनी बूट काढून सीटखाली ठेवले, मोजे बुटांत कोंबले, काच पूर्ण वर आहे ना ते बघितलं, गाडी लॉक केली आणि हँडल ओढून खात्री केली. पॅन्ट दुमडायला लागले, पण गादी तोवर गल्लीच्या मध्यावर गेली होती. ते तसेच पाण्यात उतरले. पाणी थंड होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. धावता येत नव्हतं. त्यांनी जाऊन चौथा कोपरा पकडला. गादी फिरायची थांबली, सरळ चालू लागली.

सुचित्राने नुसतं बघितलं. मेन रोडवर ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा दिसू लागला.

कृष्णाबाईंनी मान वळवून चौथा माणूस कोण आहे ते पाहिलं. श्वास जमवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"राजाभाऊ, तुम्ही कशाला आलात?" त्या काळजीने म्हणाल्या. "गाडीपाशी कोण आहे?"

आणि राजाभाऊंनी खरोखरच मागे वळून पाहिलं.